डीएनएची दुरुस्ती थांबवणारे औषध आईला का द्यायचे?

कोथरूडहून एका भगिनीने पाठवलेल्या पत्राचा सारांश असा. त्यांच्या आईचे वय ५६ असून तिला तिसऱ्या टप्प्यावरचा अंडाशयाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलच्या सहा केमो पूर्ण झाल्या आहेत. शेवटची केमो तीन आठवड्यांपूर्वी झाली, स्कॅनमध्ये आता काही दिसत नाही आणि सीए-१२५ (या कर्करोगात रक्तात वाढणारे प्रथिन) सामान्य पातळीवर आले आहे. रक्ताच्या जनुकीय तपासणीत बीआरसीए-१ या जनुकात दोष सापडल्याने डॉक्टरांनी ओलापॅरिब नावाच्या गोळ्या दोन वर्षे घ्यायला सांगितल्या आहेत. त्या लिहितात: ‘डीएनए बिघडला म्हणून कर्करोग झाला, असे जिथे तिथे वाचायला मिळते. मग डीएनएची दुरुस्ती थांबवणारे औषध द्यायचे, हे उफराटे नाही का? मला पटत नाही म्हणून मी होकार देत नाही, आणि होकार देत नाही म्हणून दिवस चालले आहेत.’ शेजारच्या काकूंनी ‘डीएनए दुरुस्त करणारी’ पावडर आणून दिली आहे. एका नातेवाइकाने एचआरडी नावाची आणखी एक महाग चाचणी करा असे सुचवले आहे. पत्रलेखिका ३१ वर्षांच्या, विवाहित आहेत. २६ वर्षांच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळे पाहणे चालू असल्याने ‘तिचे लग्न होईपर्यंत कोणी तपासणी करायची नाही आणि ताईलाही यातले काही सांगायचे नाही’ असे मामांनी बजावले आहे (ताई म्हणजे पत्रलेखिकेची आई). एक भाऊही आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमची शंका अगदी रास्त आहे. ओपीडीत बाहेर पंधरा जण ताटकळत असताना डॉक्टरांकडून तिचे सविस्तर उत्तर मिळणे अवघड असते, म्हणून ते येथे देतो. त्याआधी दिवसांविषयी. ज्या मोठ्या चाचणीच्या आधारे ही गोळी पहिल्या उपचारानंतर लगेच देण्याची पद्धत रूढ झाली, तिच्यात शेवटच्या केमोनंतर आठ आठवड्यांच्या आत ती सुरू केली होती. म्हणजे तुमच्या हाती अजून काही आठवडे आहेत. केमोमुळे उतरलेले रक्ताचे आकडे सावरल्याशिवाय डॉक्टरही गोळी सुरू करत नाहीत, त्यामुळे आतापर्यंत काही वाया गेलेले नाही. मात्र हा निर्णय दिवाळीनंतर पाहू म्हणून पुढे ढकलण्याजोगा नाही.

आता मूळ प्रश्न. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या डीएनएला रोज हजारो लहानमोठ्या इजा होतात. ऑक्सिजनच्या वापरातून होतात, पेशीतील पाण्यामुळे होतात, डीएनएची नक्कल काढताना होतात. त्यासाठी विकिरण किंवा तंबाखूच लागते असे नाही. तरीही आपण धडधाकट राहतो, कारण या इजा निस्तरणाऱ्या अनेक यंत्रणा पेशीत अहोरात्र चालू असतात. या यंत्रणा कशा चालतात हे उलगडून दाखवल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या आईच्या संदर्भात यांपैकी दोनच यंत्रणा महत्त्वाच्या आहेत. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच तुटला, तर पार्प नावाचे प्रथिन ती जागा हेरते आणि दुरुस्तीची इतर प्रथिने तेथे बोलावून घेते. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, तर मामला गंभीर होतो. अशा वेळी पेशी शेजारच्या अखंड प्रतीवरून तुटलेला भाग जसाच्या तसा पुन्हा लिहून काढते, आणि या अचूक दुरुस्तीसाठी बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही प्रथिने लागतात. ती नसतील तर पेशी तुटलेली टोके कशीबशी एकमेकांना जोडते. त्यात अक्षरे गळतात, कधी भलतीच टोके जोडली जातात, आणि वर्षानुवर्षे साचलेल्या अशा चुकांतून कर्करोग उभा राहू शकतो. तुम्ही वाचलेले वाक्य येथपर्यंत खरे आहे.

पण त्याच्या पुढची पायरी कोणी लिहीत नाही. दुरुस्ती बिघडल्यामुळे जन्मलेली कर्करोगाची पेशी स्वतः मात्र उरलेल्या दुरुस्तीवरच जगत असते. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो, तरी डेक्कनहून पेठांत जाणे थांबत नाही, कारण लकडी पूल असतो. तोही बंद केला तर मात्र वाहतूक ठप्प होते. आईच्या गाठीतील पेशींचा बीआरसीएचा पूल आधीच बुडालेला होता, आणि ओलापॅरिब पार्पचा दुसरा पूल बंद करते. नेमके काय घडते तेही सांगतो, कारण उपमा एका मर्यादेपलीकडे चालत नाही. ही गोळी पार्पचे काम तर रोखतेच, शिवाय पार्पचा रेणू डीएनएवरच अडकवून ठेवते. पेशी विभाजनासाठी डीएनएची नक्कल काढू लागली की ते काम या अडथळ्यावर येऊन कोसळते आणि एका धाग्याच्या साध्या इजेचे रूपांतर दोन्ही धाग्यांच्या तुटीत होते. अशी तूट अचूकपणे सांधायला बीआरसीए लागते. ते गाठीतील पेशींजवळ नसल्याने त्यांचे गुणसूत्र विस्कटत जाते आणि त्या मरतात.

मग आईच्या बाकीच्या शरीराचे काय, हा तुमच्या शंकेचा खरा गाभा आहे, आणि त्याचे उत्तर तुम्ही पाठवलेल्या अहवालातच आहे. त्यातील ओळ अशी आहे: बीआरसीए-१, सी.६८_६९डेलएजी, हेटेरोझायगस, पॅथोजेनिक (म्हणजे आजाराला कारण ठरणारा). जनुकाच्या मजकुरातील ६८ वे आणि ६९ वे अशी दोन अक्षरे, ‘ए’ आणि ‘जी’, गळालेली आहेत. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते, त्यामुळे दोन अक्षरे गळाली की पुढचे सगळे गट सरकतात आणि थोड्याच अंतरावर ‘थांबा’ असा संकेत अवेळी येतो. १,८६३ अमिनो आम्लांचे प्रथिन बनायचे, ते चाळिशीच्या आतच आटोपते. हा बदल प्रथम पूर्व युरोपातील ज्यू कुटुंबांमुळे प्रसिद्ध झाला, पण भारतीय कुटुंबांतही तो आढळला आहे. तेव्हा ‘हे आपल्याकडचे नाही’ असे कोणी म्हटले तर मनावर घेऊ नका. या ओळीतील ‘हेटेरोझायगस’चा अर्थ असा की आईच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली आहे. तिच्या त्वचेत, यकृतात, हृदयात दुसरी प्रत शाबूत आहे आणि अचूक दुरुस्तीला ती पुरते. गाठीतील पेशींनी मात्र ती दुसरी प्रतही गमावलेली असते. औषध सगळ्या शरीरभर फिरते, पण ते जीवघेणे ठरते ते दोन्ही प्रती हरवलेल्या पेशींनाच. कार्बोप्लॅटिनसुद्धा डीएनएवर गाठी मारूनच काम करते आणि त्या सोडवायलाही बीआरसीए लागते. आईला केमो इतकी चांगली लागू पडली त्यामागे हे कारण असणे बरेच संभवते, आणि गोळी त्याच कारणाचा आणखी दोन वर्षे उपयोग करून घेणार आहे.

ही कल्पना कोणाला एका रात्रीत सुचली नाही. एकेकटा असताना निभावून जाणारा दोष दुसऱ्या दोषाबरोबर आला की प्राणघातक ठरतो, हे फळमाशीवर काम करणाऱ्या कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९२२ मध्येच नोंदवले होते. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाचा माग १७ व्या गुणसूत्रापर्यंत काढला आणि १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक प्रत्यक्ष हाती आले. २००५ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांच्या दोन गटांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दाखवून दिले की बीआरसीए नसलेल्या पेशी पार्प रोखताच मरतात. अमेरिकेत ओलापॅरिबला पहिली मान्यता मिळाली ती डिसेंबर २०१४ मध्ये. फळमाशीच्या बाटल्यांवर खर्च केलेला पैसा वाया जातो असे म्हणणाऱ्यांना हा क्रम दाखवावा असे मला अनेकदा वाटते.

आता प्रत्यक्ष फायदा किती, ते पाहू. सोलो-१ या चाचणीत आईसारख्याच, म्हणजे बीआरसीएचा दोष असलेल्या, पुढच्या टप्प्यावर निदान झालेल्या आणि केमोला प्रतिसाद दिलेल्या ३९१ स्त्रिया होत्या. गोळी घेणाऱ्यांत आजार पुन्हा बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला. पाच वर्षांनंतर त्यांच्यापैकी ४८ टक्के जणींचा आजार परतलेला नव्हता. तुलनेसाठी नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. सात वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ६७ विरुद्ध ४६.५ टक्के होते. या शेवटच्या आकड्याबाबत एक खुलासा करायला हवा. संख्याशास्त्राचा जो कडक निकष आधीच ठरवला होता, त्यात हा फरक बसला नाही. दिखाऊ गोळी घेणाऱ्या अनेक जणींना आजार उलटल्यावर याच गटातील औषधे दिली गेली, आणि त्यामुळे दोन्ही गटांतले अंतर काहीसे कमी दिसते, हेही लक्षात घ्यायला हवे. याचा अर्थ हमखास बरे करणारे औषध असा नाही, कारण पाच वर्षांत निम्म्याहून किंचित अधिक स्त्रियांचा आजार परतलाच. काही गाठी तर बीआरसीएच्या जनुकात आणखी एक बदल घडवून बिघडलेले वाचन पुन्हा रुळावर आणतात आणि औषधाला दाद देईनाशा होतात. संशोधनाचा बराचसा भर सध्या त्यावरच आहे. तरीही एवढा फरक अंडाशयाच्या कर्करोगात पूर्वी क्वचितच दिसला होता. तुमच्या जागी मी असतो तर होकार दिला असता.

गोळीचा त्रास होतो, आणि तो आधी माहीत असलेला बरा. मळमळ आणि थकवा बहुतेकींना जाणवतो; मळमळ पहिल्या काही महिन्यांत अधिक असते आणि काहीतरी खाऊन मग गोळी घेतल्याने बरीच आटोक्यात राहते. अस्थिमज्जेतील पेशी सतत विभागत असतात, त्यामुळे त्यांना झळ बसते. चाचणीत सुमारे पाचांतल्या एकीला रक्त चढवण्याचा किंवा गोळी काही काळ थांबवण्याचा विचार करावा लागेल इतका पंडुरोग झाला होता. आपल्याकडे हिमोग्लोबिन मुळातच बेताचे असते, म्हणून सुरुवातीलाच लोह आणि बी-१२ तपासायला सांगा. पण लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. पहिले वर्षभर दर महिन्याला सीबीसी चुकवायची नाही. त्या अहवालांची एक फाइल ठेवा, कारण आकडा एकदा खाली जाणे आणि महिन्यागणिक खाली सरकत राहणे यात डॉक्टर फरक करतात. अस्थिमज्जेचा गंभीर आजार किंवा ल्युकेमिया होण्याची शक्यताही थोडी असते. याच चाचणीत सात वर्षांत १.५ टक्के जणींना तो झाला. गोळी चावायची, कुटायची किंवा अर्धी करायची नाही. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. ग्रेपफ्रूट टाळायचे आणि त्याच्याच कुळातले पपनसही या दोन वर्षांत नको. क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरची फ्लुकोनॅझोलसारखी औषधे आणि क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन यांच्यामुळे रक्तातील ओलापॅरिबचे प्रमाण वाढते किंवा घटते. म्हणून साध्या खोकल्यासाठी गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तरी या गोळीचे नाव आधी सांगा.

काकूंची पावडर परत करा, आणि गोड शब्दांत करा, कारण त्यांचा हेतू चांगला आहे. बीआरसीएची गळालेली दोन अक्षरे कोणतीही पावडर परत आणू शकत नाही, आणि डब्यात नेमके काय आहे व ते या गोळीशी कसे वागेल हे डब्यावर लिहिलेले नसते.

एचआरडी ही चाचणी अचूक दुरुस्तीची यंत्रणा गाठीत बिघडलेली आहे का, हे तिच्या डीएनएवर उमटलेल्या खुणांवरून मोजते. ज्यांच्यात बीआरसीएचा दोष सापडत नाही त्यांच्यासाठी ती खरोखर मोलाची आहे, कारण अशा स्त्रियांपैकीही बऱ्याच जणींत दुरुस्ती दुसऱ्या कारणाने बिघडलेली असते. तुमच्या आईच्या बाबतीत मूळ दोषच हाती लागलेला आहे. डॉक्टरांना एकच विचारा: ‘या चाचणीच्या निकालाने आईचा उपचार बदलणार आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर तो खर्च वाचवा.

वाचलेला पैसा गोळ्यांना लागेल. ओलापॅरिबचे भारतीय कंपन्यांचे जेनेरिक पर्याय आता मिळतात आणि त्यांच्या किमतींत मोठा फरक असतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून दोन-तीन ठिकाणी चौकशी करा. मात्र बिलावर आणि पाकिटावर बॅच क्रमांक पाहिल्याशिवाय घेऊ नका. पुण्यातील बरीच मोठी रुग्णालये धर्मादाय नोंदणीची आहेत, आणि कायद्यानुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. तेथील समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन जा. महात्मा फुले योजनेत काय बसते ते त्याच रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा आणि मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीचा अर्जही तेथेच मागा.

आता मामांविषयी. लग्नाची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या समाजात मुलीच्या रक्तातील दोषाची कुजबुज कशी होते हे आपण सगळेच जाणतो. पण त्यांच्या मनाईतून काय घडते ते पाहा. हा दोष आईकडून प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता ५० टक्के आहे. तो असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के आणि स्तनाचा होण्याची सुमारे ७२ टक्के असल्याचे एका मोठ्या अभ्यासात दिसले. सर्वसाधारण स्त्रीत अंडाशयाचा धोका एक-दीड टक्क्याच्या आसपास असतो. सोनोग्राफी आणि सीए-१२५ करत राहू, असे म्हणून भागत नाही. ब्रिटनमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हा प्रयोग झाला आणि २०२१ च्या अंतिम निष्कर्षात मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. खरे संरक्षण म्हणजे मुलेबाळे झाल्यानंतर, बीआरसीए-१ असेल तर साधारण ३५ ते ४० या वयात, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकणे. त्याने अकाली रजोनिवृत्ती येते, हाडे आणि हृदय यांची काळजी घ्यावी लागते, म्हणून तो निर्णय घाईने घेण्याचा नाही. पण ३१ व्या वर्षी तुमच्या हाती असलेली चार-पाच वर्षे त्याच विचारासाठी आहेत. बहिणीसाठी सध्या प्रश्न स्तनांच्या तपासणीचा आहे, कारण दोष असल्यास एमआरआय पंचविशीपासून सुरू करतात. ती सज्ञान आहे. तपासणी करायची की नाही आणि कधी, हे तिने ठरवायचे, आणि ठरवण्यासाठी तिला माहिती असायला हवी. अहवाल विरुद्ध आलाच तर तो स्थळांच्या कागदांसोबत पाठवण्याची गरज नाही. ज्याच्याशी लग्न ठरेल त्याला मात्र तिने साखरपुड्याआधी स्वतः सांगावे, असे माझे मत आहे. भावाचा स्वतःचा धोका कमी असला, तरी तो हा दोष त्याच्या मुलींना देऊ शकतो.

मामांना एक गोष्ट शांतपणे सांगा. हा दोष आईमध्ये आजी किंवा आजोबांकडून आलेला असणार, त्यामुळे तो मामांमध्येही असण्याची शक्यता निम्मी आहे आणि त्यांच्या मुलींचा प्रश्न तुमच्या बहिणीइतकाच त्यांच्या घरातही आहे. गप्प बसण्याचा सल्ला त्यांनी भाचीच्या काळजीने दिला असेल, पण त्याची किंमत त्यांच्या लेकींनाही मोजावी लागू शकते.

आईपासून हे लपवण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्यामुळे मुलींना हे आले, असे तिला वाटेल ही तुमची भीती समजते. पण तिलाही ते तिच्या आईवडिलांकडूनच आले आहे आणि त्यात कोणाचाही दोष नाही. शिवाय कुटुंबाची माहिती तिच्याइतकी दुसऱ्या कोणाकडे नसते. जुन्या पिढीत कर्करोग हा शब्द उच्चारला जात नसे. ‘पोटात पाणी झाले होते’, ‘छातीत गाठ होती’ एवढेच सांगितले जाई. तिच्याबरोबर बसून तीन पिढ्यांची वंशावळ काढा, आजोळच्या दोन्ही बाजूंची, आणि कोण कशाने व साधारण कितव्या वर्षी गेले ते प्रत्येक नावापुढे लिहा. मग ऑन्कॉलॉजिस्टकडून जनुकीय समुपदेशकाचे नाव घ्या आणि तिघे भावंडे एकत्र जा. जाताना आईच्या रक्ताच्या अहवालाची पूर्ण प्रत न्या. तुमच्या रक्तात फक्त तोच एक बदल शोधायचा आहे आणि ती तपासणी पुष्कळ स्वस्त पडते. तो कागद जवळ नसेल तर प्रयोगशाळा सगळे जनुक पहिल्यापासून वाचायला घेईल आणि बिल त्याच हिशेबाने येईल.